सोडतीतला शेजारी

इंग्लंडच्या फुटबॉलचा हंगाम जगाला दिसू लागतो त्याआधीच त्यातला एक शनिवार उलटून गेलेला असतो. २०२३ साली प्रीमियर लीगचा पहिला सामना ११ ऑगस्टच्या शुक्रवारी झाला. एफए कप या बादपद्धतीच्या स्पर्धेच्या त्या हंगामातल्या पहिल्यावहिल्या लढती त्याच्या आदल्या शनिवारी, ५ ऑगस्टला, लागल्या होत्या. त्या फेरीला ‘पहिली फेरी’ म्हणायची मात्र सोय नाही. तिचं अधिकृत नाव ‘जादा प्राथमिक फेरी’, म्हणजे प्राथमिकच्याही अलीकडची. तिच्यानंतर प्राथमिक, मग चार पात्रता फेऱ्या, आणि या सहा पायऱ्या चढून झाल्यावर नोव्हेंबरात जी येते तिला कागदोपत्री ‘पहिली फेरी’ म्हणतात. ही नावं ठेवणाऱ्यांनी तळाच्या सामन्यांना दोन्ही अर्थांनी नावं ठेवली आहेत. खरा कप पुढे आहे, हे सगळं अंगण झाडणं आहे, असा त्यांचा सूर. माझं म्हणणं उलटं आहे. कप नावाची जी गोष्ट दीडशे वर्षं टिकून आहे, ती मुख्यतः या अंगणातच आहे. आणि ऑगस्ट-सप्टेंबरातल्या एखाद्या शनिवारी दोन छोट्या गावांचे क्लब समोरासमोर येणार असतात, तेव्हा तिथे त्या सामन्याची जी वाट पाहिली जाते तिचा वेम्बलीशी, म्हणजे अंतिम सामना जिथे होतो त्या मैदानाशी, संबंध फार थोडा असतो.

हे म्हणणं प्रचलित समजुतीच्या विरुद्ध जातं. एफए कपची जगभर सांगितली जाणारी कथा म्हणजे मुंगीने हत्तीला लोळवल्याची कथा. दर जानेवारीत प्रीमियर लीगचे क्लब कपमध्ये उतरतात, त्यांच्यातल्या कुणाची तरी गाठ एखाद्या चिमुकल्या क्लबाशी पडते, कॅमेरे त्या क्लबाच्या चहाच्या टपरीवर रोखले जातात, आणि वर्षभर ज्याची कुणी विचारपूस केली नाही त्या गोलरक्षकाच्या पोटापाण्याच्या नोकरीची बातमी होते. ही कथा खोटी नाही. पण ती कपची कथा आहे का, हे तपासायला साध्या अंकगणिताची मदत घेता येते. २०२३-२४च्या कपमध्ये ७३२ क्लब होते. त्यांतले ९२ प्रीमियर लीग आणि तिच्या खालच्या तीन व्यावसायिक श्रेणींमधले. उरलेले ६४० ‘नॉन-लीग’. हा शब्द तसा फसवा आहे. हे क्लब लीगमध्येच खेळतात, नॅशनल लीग, नॉर्दर्न प्रीमियर, सदर्न, इस्थमियन आणि त्यांच्याखाली पसरलेल्या डझनावारी प्रादेशिक लीगांमध्ये. १८८८ साली ‘फुटबॉल लीग’ नावाची संस्था निघाली, आणि तिच्याबाहेरचा तो नॉन-लीग, हा सोवळ्या-ओवळ्याचा भेद आजही शब्दात उरला आहे. तर या ६४० क्लबांमधून ‘पहिल्या फेरीत’ जागा मिळतात फक्त ३२ जणांना. बादपद्धतीचा हिशेब सरळ असतो: प्रत्येक लढत एकाला घरी पाठवते, म्हणून ७३२ क्लबांच्या स्पर्धेत ७३१ लढती. त्यांपैकी ६०८ लढती ‘पहिल्या फेरी’आधीच्या सहा फेऱ्यांमधल्या, म्हणजे नॉन-लीग विरुद्ध नॉन-लीग अशा. शेकडा ८३. मुंगी-हत्तीच्या लढती उरलेल्या १७ टक्क्यांत शोधाव्या लागतात, आणि त्या १७ टक्क्यांतही बहुतेक वेळा दोन्ही बाजूंना हत्तीच असतात.

त्याहून गमतीची बाब अशी की, मुंगीची म्हणून गाजलेली कहाणी उघडून पाहिली तर आत भरलेल्या असतात त्या मुंग्यांच्या मुंग्यांशी झालेल्या लढती. लिव्हरपूलच्या उत्तरेला क्रॉस्बी इथला मरीन हा तेव्हा आठव्या स्तरावरचा (प्रीमियर लीग हा पहिला स्तर) क्लब २०२१च्या जानेवारीत टॉटनमविरुद्ध तिसऱ्या फेरीत खेळला. करोनामुळे प्रेक्षक आत येऊ शकत नव्हते, तेव्हा क्लबाने दहा पौंडांची ‘आभासी’ तिकिटं काढली आणि ती ३० हजारांच्या वर खपली. सामना मरीन ०-५ असा हरला. सगळ्यांच्या लक्षात राहिलाय तो हा सामना. पण तिथवर पोचायला मरीनने सात लढती जिंकल्या होत्या. बार्नोल्ड्सविक टाउन, फ्रिकली अ‍ॅथलेटिक, नॅन्टविच टाउन, रन्कॉर्न लिनेट्स, चेस्टर, कोल्चेस्टर युनायटेड आणि हॅवन्ट अँड वॉटरलूव्हिल यांच्याविरुद्ध. या सातांत लीगमधला क्लब एकच, कोल्चेस्टर. हॅवन्टवरचा विजय तर जादा वेळ संपता संपता, १२०व्या मिनिटाला झालेल्या गोलाने मिळाला. मेडस्टोन युनायटेडचंही तसंच. सहाव्या स्तरावरच्या या क्लबाने २७ जानेवारी २०२४ रोजी इप्सविच टाउनला त्यांच्याच मैदानावर २-१ असं हरवलं आणि पाचवी फेरी गाठली. त्या स्तरावरच्या क्लबाला १९७८च्या ब्लाइथ स्पार्टन्सनंतर हे पहिल्यांदा जमलं. पण मेडस्टोनने सुरुवात केली होती ती दुसऱ्या पात्रता फेरीत, आणि स्टेनिंग टाउन, विन्चेस्टर सिटी, टॉर्की युनायटेड, चेशम युनायटेड असे पहिले चारही प्रतिस्पर्धी नॉन-लीगच होते. पाचव्या फेरीत कॉव्हेन्ट्रीने त्यांना ५-० असं हरवलं. मरीनचाही शेवट ५-० असाच. मुंगी हत्तीपर्यंत पोचते तेव्हा बहुधा असंच होतं.

बहुधा, म्हणजे इतिहासात याहूनही वाईट झालेलं आहे. १५ ऑक्टोबर १८८७ रोजी प्रेस्टन नॉर्थ एन्डने हाइड नावाच्या क्लबाला कपच्या सामन्यात २६-० असं हरवलं. हा विक्रम आजही अबाधित आहे. तोवर कपमध्ये सगळे एकाच हौदात उतरायचे. पुढच्याच हंगामापासून, म्हणजे १८८८-८९पासून, पात्रता फेऱ्या सुरू झाल्या. आज आपण ज्यांना उंबऱ्याबाहेरच्या समजतो त्या फेऱ्या जन्मल्या त्या अशा, सामन्याला सामनापण यावं म्हणून केलेल्या चाळणीतून. चाळणीने दुबळ्यांना बाहेर काढलं हे खरं, पण त्याच चाळणीने त्यांना तोलामोलाचा प्रतिस्पर्धीही दिला. आपल्याकडच्या जत्रेतल्या कुस्त्यांचं मैदान ज्यांनी पाहिलंय त्यांना हे उमगायला हरकत नाही. दुपारी रेवड्यांवरच्या कुस्त्या लागतात, संध्याकाळी मोठ्या इनामाची शेवटची. शेवटच्या कुस्तीला गर्दी जास्त असते, पण स्वतःच्या गल्लीतला पोरगा दुपारी तीन वाजता लांग कसून उतरणार म्हणून जे आधीच कडेला येऊन बसलेले असतात, त्यांना तुम्ही ‘खरी कुस्ती अजून व्हायचीय’ असं सांगून पाहा.

पण मग त्या दुपारच्या कुस्तीत असं असतं काय? लीगमधला सामनाही तोलामोलाचाच असतो, किंबहुना अधिक. मग कपच्या तळातल्या सामन्याची वेगळी वाट का पाहावी? इथे या क्लबांच्या जगाची रचना लक्षात घ्यावी लागते. नवव्या-दहाव्या स्तरावरचा क्लब वर्षभर आपल्या प्रादेशिक लीगमधल्या त्याच वीसेक क्लबांशी दोनदा-दोनदा खेळतो. कुणाचं मैदान कुठे उतरतं, कुणाचा बचावपटू कोणत्या पायाने कच्चा आहे, कुठल्या क्लबाचा चहा पाणचट आहे, हे सगळं पाठ झालेलं असतं. आणि लीग प्रादेशिक असल्यामुळे प्रदेशांच्या सीमाही कुठेतरी आखाव्या लागतात. त्या रेषेच्या दोन बाजूंना, आठ-दहा मैलांवर असलेले दोन क्लब वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंडही पाहत नाहीत, कारण एकाची लीग उत्तरेकडे तोंड करून बसलेली आणि दुसऱ्याची पश्चिमेकडे. कपची सोडत या रेषा मानत नाही. प्रवासाचा खर्च आवाक्यात राहावा म्हणून सुरुवातीच्या फेऱ्यांची सोडत भौगोलिक गटांमध्ये काढतात. पण गट पाहतो तो जवळीक, लीग पाहत नाही आणि स्तरही पाहत नाही. त्यामुळे जुलैच्या सुरुवातीला यादी जाहीर होते तेव्हा एखाद्या क्लबासमोर ज्याचं नाव येतं, तो असतो शेजारी आणि तरीही अनोळखी. वाट पाहण्याजोगं यात जे आहे ते हे. मोठ्या क्लबाबद्दल आधीच सगळं ठाऊक असतं, त्याची वाट पाहणं म्हणजे सणाची तारीख मोजणं. शेजारच्या अनोळख्याबद्दल काहीच माहीत नसतं, आणि तो राहतो मात्र दोन स्थानकं पलीकडे. त्यात पहिल्या दोन फेऱ्यांच्या जोड्या एकदमच जाहीर होतात, म्हणून जिंकलो तर पुढे कोण, हेही अर्धवट दिसत असतं: ‘अमुक किंवा तमुक’. तो ‘किंवा’ क्लबाच्या बारमध्ये महिनाभर पुरतो.

कप जन्माला आला तेव्हा तो असाच होता. १८७१च्या जुलैत चार्ल्स अल्कॉक या फुटबॉल असोसिएशनच्या सचिवाने ही स्पर्धा सुचवली. शाळेत असताना हॅरोमध्ये त्याने वसतिगृहांमधली बादपद्धतीची स्पर्धा पाहिली होती, तीच कल्पना त्याने क्लबांना लावली. पहिल्या वर्षी १५ संघांनी नावं दिली. ११ नोव्हेंबर १८७१ला पहिल्या लढती झाल्या, त्यांतली एक मेडनहेड आणि मार्लो यांच्यातली: टेम्सकाठची दोन गावं, मध्ये जेमतेम पाच मैल. मेडनहेडने २-० अशी जिंकली. त्या हंगामाचा अंतिम सामना १६ मार्च १८७२ रोजी केनिंग्टन ओव्हलवर झाला, वॉन्डरर्सने रॉयल एन्जिनिअर्सला १-० असं हरवलं, प्रेक्षक दोनेक हजार. वॉन्डरर्स हा क्लब काही वर्षांत विरूनही गेला. मेडनहेड आणि मार्लो दोघेही आहेत. दोघेही नॉन-लीग, दोघेही आजही कपमध्ये खेळतात, आणि मेडनहेडचं यॉर्क रोडचं मैदान १८७१पासून तेच आहे. पहिल्या दिवसाच्या त्या लढतीला आज काय म्हणतील याचा विचार केला तर उत्तर एकच: पात्रता फेरीतली एक स्थानिक लढत. कपचं बीज ते आहे. वेम्बली हे पुढे, १९२३ साली, जोडलेलं शिखर आहे.

गावागावांतल्या या चुरशीची जात मराठी वाचकाला नवी वाटू नये. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्यात पाटाकडील तालीम आणि खंडोबा तालीम यांची, किंवा दिलबहार आणि शिवाजी तरुण मंडळाची गाठ पडते, तेव्हा त्या स्पर्धेचा करंडक शेवटी कुणाच्या हाती जाणार हा प्रश्न पेठेपुरता दुय्यम असतो. पण हे साम्य फार ताणू नये. कोल्हापूरच्या पेठा एकमेकींना नको तितक्या ओळखतात. तिथली ईर्ष्या जुन्या ओळखीची असते. एफए कपच्या तळात ईर्ष्या नव्याने, सोडतीच्या दिवशी जन्मते, आणि बहुधा सामन्याच्या दिवशीच संपते.

आता आक्षेपांकडे. पहिला आणि सगळ्यांत धारदार आक्षेप असा: तोलामोलाची लढत हेच जर सुख, तर नॉन-लीग क्लबांसाठी वेगळ्या स्पर्धा आहेतच की. १९६९-७०पासून एफए ट्रॉफी आहे, १९७४-७५पासून एफए व्हाज आहे. व्हाज तर नवव्या-दहाव्या स्तरांसाठीच राखलेला. दोन्हींचे अंतिम सामने वेम्बलीवर, २०१६पासून एकाच दिवशी होतात. मग एखाद्या छोट्या क्लबाने कपऐवजी व्हाजचीच वाट का पाहू नये? हा आक्षेप मांडणाऱ्याच्या लक्षात येत नाही की त्याने माझंच काम अर्धं केलं आहे. वेम्बली हेच स्वप्न असतं तर शहाण्या क्लबाने कपकडे पाठ फिरवली असती. कपमध्ये ऑगस्टपासून सुरू करणाऱ्याला करंडकासाठी १४ लढती जिंकाव्या लागतात. तिसऱ्या फेरीत उतरणाऱ्या मँचेस्टर युनायटेडला २०२४ साली त्या सहाच जिंकाव्या लागल्या. १८८८नंतर लीगबाहेरच्या क्लबाने कप जिंकल्याचं उदाहरण एकच आहे, १९०१चं टॉटनम हॉटस्पर, आणि तेही नावापुरतंच छोटं. व्हाजमध्ये मात्र वेम्बली खरोखर आवाक्यात असते, दर वर्षी दोन क्लब तिथे पोचतातच. तरीही कपच्या लढतीला वेगळं वजन राहतं, ते वेम्बलीमुळे राहत नाही हे यातून सिद्ध होतं. मग कशामुळे? मला वाटतं, व्हाजमध्ये क्लब आपल्या इयत्तेत बसतो. तिथे सगळे सारखे, म्हणून कुणी वेगळा नाही. कपमध्ये इयत्ताच नसतात. नवव्या स्तरावरच्या क्लबासमोर आठव्यातला येऊ शकतो, पुढच्या फेरीत सातव्यातला. नियम तेच, आणि ज्या यादीत आपलं नाव छापलेलं असतं त्याच यादीत मेमध्ये शेवटचं नाव लिहिलं जाणार असतं. क्षितिजाकडे कुणी चालत पोचत नाही, पण रस्ता मोकळा आहे हे त्याच्यामुळेच कळतं. इतकं श्रेय मी वेम्बलीला देतो. त्याहून जास्त नाही.

दुसरा आक्षेप पैशाचा. भावनेच्या गप्पा कशाला, क्लबांना बक्षिसाची रक्कम हवी असते, असं म्हणणारे असतात आणि त्यांत क्लबांचे खजिनदारही असतात. आकडे पाहू. २०२३-२४मध्ये जादा प्राथमिक फेरी जिंकणाऱ्याला १,१२५ पौंड मिळाले, हरणाऱ्याला ३७५. विजेत्याची रक्कम म्हणजे त्या वेळच्या दराने लाख-सव्वा लाख रुपये. ज्या क्लबाचा कारभार स्वयंसेवकांवर चालतो, खेळाडू दिवसा नोकरीधंदा करून संध्याकाळी सरावाला येतात, त्याला ही रक्कम थोडी नाही. गवत कापायचं यंत्र दुरुस्त होतं, रात्रीच्या सरावाचं विजेचं बिल निघतं. पण ही वाट पाहण्याची किंमत धरली तर हिशेब जमत नाही. सहाही फेऱ्या जिंकणाऱ्याची त्या हंगामातली एकूण कमाई २३,१९४ पौंड होती, आणि ‘पहिल्या फेरीतल्या’ एकाच विजयाला ४१,००० पौंड होते, अंतिम सामन्याला २० लाख. म्हणजे पैसा ज्या बाजूला झुकलेला आहे तिथे या ६४० क्लबांपैकी ६०८ जण त्या वर्षी पोचलेच नाहीत, आणि दुसऱ्या वर्षी जवळजवळ सगळ्यांनी पुन्हा नाव दिलं. लॉटरीचं तिकीट घेणारा असं करतो, असं कुणी म्हणेल. पण लॉटरीवाल्याला सोडत संपली की तिकीट फेकून द्यावंसं वाटतं. इथे हरलेला क्लबही त्या सामन्याची छापील पुस्तिका जपून ठेवतो.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत कमी महत्त्वाचा वाटतो, म्हणून थोडक्यात. हे सामने पाहायला येतं कोण? बहुतेक ठिकाणी काहीशे माणसं, त्यांतही काही नुसती मैदानं ‘गोळा’ करणारी, दर शनिवारी नवं मैदान पाहणारी हौशी मंडळी. खेळाचा दर्जाही ऑगस्टच्या टणक मैदानांवर यथातथाच. हे सगळं मान्य. पण पाचशेच्या गावात तीनशे माणसं म्हणजे गर्दी कमी असं म्हणायचं की जास्त, हे मोजणाऱ्याच्या पट्टीवर ठरतं. उलट मोठ्यांची निष्ठा किती, याचंही एक माप उपलब्ध आहे. १९९९-२०००च्या हंगामात कपचा गतविजेता असलेल्या मँचेस्टर युनायटेडने कपमधून माघार घेतली, कारण ब्राझीलमध्ये पहिली जागतिक क्लब स्पर्धा होती. रिकामी जागा भरायला दुसऱ्या फेरीत हरलेल्या क्लबांमधून चिठ्ठी काढून डार्लिंग्टनला बोलावलं. विजेता आला नाही म्हणून कप थांबला नाही. तळातल्या क्लबांनी एखाद्या वर्षी नावं दिली नाहीत तर मात्र ऑगस्ट ते ऑक्टोबर हा अख्खा कपच नाहीसा होईल.

आता थोडं १९७१-७२च्या हंगामाबद्दल, कारण तिथे मुंगी-हत्तीची आणि मुंगी-मुंगीची अशा दोन्ही कथा शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. ५ फेब्रुवारी १९७२ला हेरफर्ड युनायटेड या सदर्न लीगच्या क्लबाने पहिल्या श्रेणीतल्या न्यूकॅसल युनायटेडला २-१ असं हरवलं. सामना संपायला थोडा वेळ असताना रॉनी रॅडफर्डने चिखलातून लांबून मारलेला बरोबरीचा गोल, त्यानंतर मैदानात घुसलेली पार्का (टोपीवाली जाकिटं) घातलेली पोरं, जादा वेळात रिकी जॉर्जने केलेला विजयी गोल. बीबीसीने ही चित्रफीत इतक्यांदा दाखवली की कप म्हटलं की डोळ्यांसमोर तीच येते. त्याच हंगामात, तीन महिने आधी, चौथ्या पात्रता फेरीत अल्व्हचर्च आणि ऑक्सफर्ड सिटी समोरासमोर आले. अल्व्हचर्च बर्मिंगहॅमच्या दक्षिणेचं एक खेडं. ऑक्सफर्ड सिटी हा हौशी खेळाडूंचा जुना क्लब, १९०६चा अमॅच्युअर कपचा विजेता. पहिला सामना २-२. तेव्हा निकाल लागेपर्यंत फेरसामने व्हायचे, म्हणून पुन्हा खेळले: १-१. मग १-१. मग ०-०. मग पुन्हा ०-०. दोन गावांपुरती ही गोष्ट तोवर मोठ्या क्लबांच्या मैदानांवर जाऊन पोचली होती, आणि सहावा सामना झाला तो अ‍ॅस्टन व्हिलाच्या व्हिला पार्कवर. अल्व्हचर्च १-०. नव्वद मिनिटांचे सहा सामने आणि मधल्या चारांतला जादा वेळ धरून एकूण ११ तास. कपच्या इतिहासातली सर्वांत लांबलेली लढत हीच, आणि नियम बदलल्यामुळे आता तो विक्रम कधी मोडला जाणार नाही. तिची चित्रफीत कुणी दाखवत नाही. अल्व्हचर्च पुढच्याच फेरीत आल्डरशॉटकडून ४-२ असं हरलं. वेम्बलीच्या मापाने ११ तास वाया गेले. त्या क्लबांच्या मापाने, पुढचा सामना कधी, या एकाच प्रश्नावर दोन गावं पंधरवडाभर जगली.

१९९१-९२पासून फेरसामना एकच ठेवला, त्यानंतर पेनल्टी. आणि २०२४च्या एप्रिलमध्ये फुटबॉल असोसिएशनने प्रीमियर लीगशी करार करून जाहीर केलं की २०२४-२५पासून ‘पहिल्या फेरी’पासून पुढे फेरसामनेच नाहीत. कारण दिलं गेलं ते मोठ्या क्लबांच्या भरगच्च वेळापत्रकाचं. खालच्या क्लबांनी निषेध केला, आणि वर्तमानपत्रांनी तो पैशाच्या भाषेत छापला: छोट्या क्लबाने मोठ्याला बरोबरीत रोखलं की फेरसामन्याला पन्नास-साठ हजारांच्या मैदानावर जायचं आणि तिकीटविक्रीतला वाटा घेऊन यायचं, ते उत्पन्न बुडालं. हेही खरंच आहे. पण या वादातही कपचा विचार वरून खालीच झाला, दोन्ही बाजूंनी. फेरसामन्याचं मोल फक्त मोठ्याच्या दारात जाण्यात आहे असं धरलं तर अल्व्हचर्च-ऑक्सफर्ड सिटी ही नुसती विक्षिप्त आठवण उरते. माझ्या मते फेरसामना म्हणजे वाट पाहण्याचा वाढवून मिळालेला आठवडा होता. जोडीच्या आधारावर उभ्या असलेल्या स्पर्धेत, जोडी तुटायच्या आधी दोघांना आणखी एकदा, या वेळी दुसऱ्याच्या गावात भेटवणारा. हेरफर्डचा तो गाजलेला सामनासुद्धा फेरसामनाच होता. पहिला न्यूकॅसलमध्ये २-२ असा सुटला होता. ज्यांनी नियम बदलला त्यांच्या कपची ओळख म्हणून रॅडफर्डचा गोल अजूनही दाखवला जातो, ही विसंगती त्यांची त्यांना लखलाभ.

दिवाळीच्या आगेमागे एफए कपची ‘पहिली फेरी’ येते, आणि इथल्या वर्तमानपत्रांतही कुठेतरी कोपऱ्यात दोन ओळी छापून येतात की कप सुरू झाला. तोवर सहाशेच्या वर क्लबांचा कप संपलेला असतो. जानेवारीत एखाद्या छोट्या क्लबाचं नाव पडद्यावर दिसलं, तर तो कुणाशी खेळतोय यापेक्षा सप्टेंबरात त्याने कुणाला हरवलं, हे एकदा शोधून पाहावं. ते गाव नकाशावर बहुधा जवळच सापडतं. पुढची सोडत जुलैच्या सुरुवातीला निघेल, आणि सामने ऑगस्टच्या सुरुवातीच्या एका शनिवारी, दुपारी तीन वाजता.